पुतळ्याचं माप

बाबांनी मला विचारलं तेव्हा माझ्या ओठांत दोन सेफ्टी पिना होत्या आणि मांडीवर चार महिन्यांचं एक गाठोडं पाय झाडत होतं. अशा वेळी जेवढं बोलता येतं तेवढंच मी बोलले. "हं" म्हटलं. बाबांना वाटलं, पोरगी ऐकून घेतेय. गळ्यातली टेप बोटाला गुंडाळत त्यांनी पुढचं सगळं एका दमात सांगून टाकलं.

आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. दुकानात काजं करायला येणारी बाई गेली बारा वर्षं खिडकीपाशी बसून कोटांची, शर्टांची बटणाची भोकं दोऱ्याने गुंफत होती. तिच्याशी लग्न करावं असं बाबांच्या मनात होतं. घाई नव्हती. "दादाला कळवलंय," ते म्हणाले, "पण तो लांब. तू घरात आहेस. तू नाही म्हणालीस तर नाही. पुन्हा विषय काढायचा नाही मी."

मी पिना तोंडातून काढल्या. "बघू," म्हटलं.

ते "बघू" मी पाच आठवडे ताणलं. खरं तर बघण्यासारखं काही नव्हतंच, उत्तर तयार होतं. पण एकदाच "नाही" म्हटलं असतं तर बाबांचा पडलेला चेहरा एकदाच बघायला मिळाला असता, आणि मला तो रोज थोडा थोडा बघायचा होता. इतकी वाईट मी आधी नव्हते. किंवा असेन, वेळ मिळाला नसेल.

वेळ आता भरपूर होता. नवरा जहाजावर मेकॅनिक, सहा महिने पाण्यात. दवाखान्यातून मी थेट बाबांकडे आले होते. पुढच्या खोलीत शिवणाचं दुकान, मागे दोन खोल्या, मधे एक पातळ भिंत. भिंतीपलीकडे बाबांचं मशीन चालू झालं की गाठोडं झोपायचं आणि बंद पडलं की जागं व्हायचं. दिवसभर माझं आयुष्य बाबांच्या पायाखालच्या पट्टीवर चालायचं.

आणि सल्ले. बाळ झालं की दूध नंतर येतं, सल्ले आधी येतात. आत्या दर दोन दिवसांनी येऊन सांगायची, "तू हसत राहा गं, आई हसली की बाळ हसतं." स्वतःच्या दोन्ही पोरांना धपाटे घालून वाढवलेली बाई. दादाने फोनमध्ये मन सांभाळणारं एक ॲप घालून दिलं. ते रोज सकाळी विचारायचं, आज कसं वाटतंय? पुढे पाच चेहरे. मी रोज मधला दाबायचे, तो अंगठ्याच्या जवळ होता म्हणून. महिनाभराने ॲपने माझं अभिनंदन केलं, तुमचं मन स्थिर आहे. ज्या दिवशी हे अभिनंदन आलं त्या दिवशी बाळाचा एक मोजा सापडेना म्हणून मी पाऊण तास रडले होते. मोजा माझ्याच खांद्यावर होता.

कपाटातलं माझं काहीही मला होत नव्हतं. नवऱ्याचे तीन शर्ट आलटून पालटून घालायचे. आरशावर ओले टॉवेल वाळत घालायची सोय केली होती. जागा कमी, असं सगळ्यांना सांगितलं होतं.

त्यात ती काजवाली. सकाळी बरोबर नऊला दाराशी दोनदा खोकायची, जणू आम्ही आत काही चोरून करत बसलोय. चष्म्याला इलास्टिक लावून तो डोक्यावर बांधलेला. अंगात एक ढगळ झगा, त्यात तीन बायका मावल्या असत्या. स्वतःच विनोद करायचा आणि स्वतःच हसायचं. बाबाही हसायचे. आईच्या विनोदांना बाबा हसल्याचं मला आठवत नाही. आई विनोद करत नव्हती हे खरं, पण तो मुद्दा नाही.

सगळ्यांत मोठा गुन्हा म्हणजे माझं गाठोडं तिला बघून हसायचं. चार महिने रात्रीचा दिवस मी करायचा, आणि हसू कुणाला? इलास्टिकच्या चष्म्याला. मी बाळाला उचलून आत आणायचे. हाक मारायची वेळ येऊ नये म्हणून तिच्याशी बोलायचंच टाळायचे. काकू म्हणावं तर जवळीक, बाई म्हणावं तर बाबांना लागणार. काहीच न म्हणणं सर्वांत सोयीचं.

एका गुरुवारी बाबा कापड आणायला गेले होते आणि ती जेवायला. मला कात्री हवी होती म्हणून दुकानात गेले. कोपऱ्यातल्या पुतळ्यावर चादर टाकलेली दिसली. हा पुतळा म्हणजे बिनडोक्याचं, बिनहातांचं लाकडी धड. ज्या बाईचं कापड त्यावर चढवायचं, तिच्या मापाप्रमाणे त्यावर कापसाचे थर आणि चिंध्या बांधायच्या. शेवटचं माप आईचं होतं. तिच्यासाठी बाबा एक कोट शिवत होते, तो अर्धाच राहिला. दीड वर्षात त्या पुतळ्याला कुणी हात लावला नव्हता. निदान मला तसं वाटत होतं. मी अधूनमधून जाऊन त्याच्या कमरेवर हात ठेवून यायचे. हे कुणाला सांगितलं नव्हतं, ॲपला तर नाहीच.

चादर काढली. आई गेली होती.

तिच्या जागी कुणीतरी भरलेली बाई उभी होती. छातीवर नवा कापूस, पोटावर दोन थर, कमरेखाली बाजूंना उशीसारखं. मी टेप घेतली. शिंप्याच्या घरात माणूस रडायच्या आधी माप घेतो. छाती अडतीस. कंबर पस्तीस. सीट बेचाळीस. आणि डावा खांदा उजव्यापेक्षा पाऊण इंच खाली.

तो खांदा बघितला आणि माझी खात्री पटली. बारा वर्षं डावीकडे वाकून काजं करणारीचा खांदा आणखी कसा असणार? मी शिंप्याची मुलगी आहे. गिऱ्हाईक उंबरा ओलांडायच्या आत मला त्याची कंबर कळते, हे मी कॉलेजात पैजा लावून सिद्ध केलेलं आहे. म्हणजे होकाराची वाटही न बघता बाबांनी आईचा कापूस सोलून त्या जागी हिला चढवली होती. लग्नाचे कपडे शिवायला घेतले असणार. मी चादर होती तशी टाकली आणि रविवारची वाट बघितली. रविवारी आत्या "एकदाचं काय ते मिटवायला" येणार होती.

रविवारी दुकान बंद. आत्या खुर्चीत, बाबा स्टुलावर, दादा दोऱ्यांच्या डब्याला टेकवलेल्या फोनमध्ये, मी बाळाला डाव्या खांद्यावर घेऊन दारात. आत्याने घसा साफ केला तोवर बाहेरून दोनदा खोकल्याचा आवाज आला. काजवाली, हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी.

"आज सुट्टी आहे माहितेय मला," ती म्हणाली. "हे द्यायचं राहिलं होतं. देते आणि जाते."

"आता आलाच आहात तर बसा," आत्या म्हणाली. तिला अर्धवट बैठका आवडत नाहीत. "समोरासमोर होऊन जाऊ दे."

"मला वाटतं," फोनमधून दादा म्हणाला, "आपण सगळ्यांनी आपापल्या भावना शांतपणे मांडू या. आधी बाबा."

"दादा, तुझ्या मागे कुणाचा तरी कुत्रा कचरा उपसतोय," मी म्हटलं. "आधी तो सांभाळ. भावना मी मांडते."

आणि मांडल्या. बाळाला थोपटत थोपटत, आवाज न चढवता, म्हणजे जास्त लागावं म्हणून. बाबांना म्हटलं, मला विचारायचं नाटक कशाला केलंत? आईला सोलून काढलंत, तेव्हा तिला विचारलं होतंत? जाऊन पुतळ्यावरची चादर ओढली. "हे बघ आत्या, बसलीय नवी मालकीणबाई आधीच. अडतीस, पस्तीस, बेचाळीस. वाकडा खांदासुद्धा सोडलेला नाही, इतकं प्रेम!"

दादाच्या फोनमधला कुत्रासुद्धा थांबला.

काजवाली पुतळ्याकडे बघत राहिली. मग चष्मा कपाळावर ढकलून म्हणाली, "माझी कंबर पस्तीस? अगं, तोंडात साखर पडो तुझ्या! माझी कंबर पस्तीस होती तेव्हा तू अक्षरं गिरवत होतीस."

"मला नजरेने कळतं," मी म्हटलं.

"मग नजर तपासून घे. एक्केचाळीस आहे. आत्याबाई, घ्या टेप, लाजू नका."

आत्याला असल्या कामाचा कंटाळा कधीच नव्हता. तिने खरंच टेप घेतली, ढगळ झग्यावरून करकचून आवळली आणि म्हणाली, "एक्केचाळीस." जरा आदरानेच म्हणाली.

"मग ही कोण?" मी विचारलं. अजूनही मी तोऱ्यातच होते.

बाबा स्टुलावरून उठले नाहीत. खाली बघूनच बोलले. "तू बाळाला कायम डाव्या खांद्यावर घेतेस. उजव्यावर कधी घेत नाहीस."

मी उभी होते. डाव्या खांद्यावर लाळेचा एक ओला गोल होता, तो पाठीकडे सरकत होता.

आत्याने टेप माझ्याभोवती कधी टाकली मला कळलं नाही. "छाती अडतीस," ती मोठ्याने वाचू लागली, शाळेत निकाल वाचतात तसं. "कंबर पस्तीस—"

"पुरे, आत्या."

"सीट तर बघू दे."

"आत्या!"

काजवालीने कागद सोडला. आत गडद निळ्या सुती कापडाचा ड्रेस होता. समोर उभी पट्टी, पट्टीआड लपवलेली काजं, म्हणजे बाळाला पाजताना एका हाताने उघडावीत अशी. बटणं अजून लावायची होती. "नवऱ्याच्या शर्टात फिरतेस, गळ्यापासून पोटापर्यंत सगळं सोडावं लागतं प्रत्येक वेळी," ती म्हणाली. "तुझ्या बाबांकडे तुझं माप लग्नाआधीचं. त्यांना वाटत होतं, तू तेवढीच आहेस. मी सांगितलं, नाही हो, आता पोरगी भरलीय."

"माप कधी घेतलंत तुम्ही माझं?"

"घेतलं कुठं? तू माझ्याकडे बघायचीच नाहीस, त्यामुळे मला तुझ्याकडे निवांत बघता आलं."

ही एवढी एक गोष्ट ती हसून बोलली नाही.

मी काहीतरी बोलायला हवं होतं. माफी नाही तर नाही, निदान काहीतरी. पण तोंडघशी पडलेलं माणूस आधी आपलं नाक शाबूत आहे का बघतं. मी म्हटलं, "आईचा कापूस कुठे टाकलात?"

बाबांनी गळ्यातली टेप काढली. ती नीट गुंडाळली, खिशात ठेवली. "कळलं मला तुझं उत्तर," ते म्हणाले. "विषय संपला. दादा, ठेव फोन."

काजवालीने ड्रेस माझ्या हातात दिला. "काजं झालीत. बटणं तू लाव," म्हणाली आणि न खोकता गेली.

सोमवारी नऊ वाजले. कुणी खोकलं नाही. मंगळवारीही नाही. दुकानात सात कोट आणि एका शाळेचे वीस शर्ट भोकांविना ओळीने टांगले होते, सगळे आ वासून. बाबा मशीन चालवत होते आणि माझ्याशी अतिशय सभ्यपणे बोलत होते. "चहा घेणार का?" "बाळ झोपलं का?" असं सभ्य बोलणारा बाप कुणाच्या वाट्याला येऊ नये. त्यांनी दिलेला शब्द पाळला होता, विषय पुन्हा काढला नाही. कसलाच विषय काढला नाही. संध्याकाळी मशीन थांबवल्यावर ते खिडकीपाशी जाऊन उभे राहायचे आणि बाहेरच्या रिकाम्या रस्त्याचं जणू माप घ्यायचे.

मला हवं ते झालं होतं. पुतळा, बाबा, घर, सगळं माझंच. मग घशाखाली घास का उतरत नव्हता, हे त्या पाच चेहऱ्यांतल्या एकालाही विचारता येईना.

बुधवारी मी एक शर्ट घेऊन काज करायला बसले. बारा वर्षं मी त्या बाईच्या कामाला "भोकं पाडते" म्हणत आले होते. पाच भोकं पाडली. पहिल्यात बटण जाईना, दुसऱ्यातून दोन बटणं एकदम गेली असती, तिसऱ्याचा दोरा सुटून त्याला दाढी आली. चौथ्याला बोट टोचलं. पाचवं कॉलरवर पडलं, ते कसं हे अजून सांगता येणार नाही. गाठोडं पाळण्यातून माझा पराक्रम बघत होतं, आणि मी सांगते, ते हसलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा मुद्दाम मला बघून हसलं. माझी फजिती झाल्यावर का होईना.

गुरुवारी मी निळ्या ड्रेसला बटणं लावली, तो घातला, आरशावरचा टॉवेल काढला. बेतलेला तो अगदी माझ्यावर होता. त्यात मी अडतीस-पस्तीस-बेचाळीस दिसत होते, आणि एवढं बघून छतबित कोसळलं नाही. बाळाला घेतलं, मुद्दाम उजव्या खांद्यावर, आणि निघाले.

ती चौथ्या मजल्यावर एका खोलीत राहायची. लिफ्ट बंद. वर पोचेपर्यंत आम्हा दोघांनाही घाम फुटला होता आणि त्यातल्या एकाने भोकाड पसरलं होतं. दार उघडताच ती म्हणाली, "आधी पाज त्याला. भांडण नंतर कर."

खोलीत एक पलंग, एक मशीन, खिडकीत कापडाचे तुकडे. मी पलंगाच्या कडेला बसले, एका हाताने पट्टी उघडली. खरंच एका हाताने उघडली. बाळ गप्प झालं. ती समोर उभी राहून चष्म्यातून बघत होती.

"दुसरं बटण अर्धा बोट खाली लावलंयस," ती म्हणाली.

"माहितेय."

"माहीत असून लावलंस? मग शिंप्याची कशाला, सुताराची मुलगी हो."

मी पाठ करून आणलेलं बोलून टाकलं. की मी चुकले, सगळ्यांसमोर बोलायला नको होतं, आणि माझी हरकत नाही. लग्नाला. हे शेवटचं वाक्य मी जरा थाटातच म्हटलं, मोठी देणगी देणाऱ्यासारखं. ती आता डोळे पुसेल, माझ्या डोक्यावरून हात फिरवेल, असं काहीतरी मनात होतं.

ती हसली. तिचं ते दुकानातलं हसू, खांदे हलवून. "तुझी हरकत नाही?"

"नाही."

"आत्याबाईंचीही नसेल आता. दादाचीही नसेल."

"नसेल."

"आणि माझी?"

मी बाळाला दुसऱ्या बाजूला घेतलं.

"तुझ्या बाबांनी तुला विचारलं," ती म्हणाली. "तुझ्या भावाला फोन करून विचारलं. बहिणीला घरी बोलावून विचारलं. कोपऱ्यावरच्या बटणवाल्याला विचारलं, त्याच्याकडूनच मला कळलं. मला कुणी विचारलंय का?"

"नाही विचारलं?"

"एका शब्दाने नाही. आणि तू चार मजले चढून मला परवानगी द्यायला आलीस. वर पोराला उपाशी ठेवून. कसली गं माणसं तुम्ही? गळ्यात टेप अडकवून फिरता आणि समोरच्या माणसाला नीट बघता येत नाही."

मला राग यायला हवा होता. पण ती सांगत होती ते खरं होतं, आणि तिच्या तोंडचा हा तुच्छतेचा सूर मला चांगला ओळखीचा होता. तो पाच आठवडे मीच वापरत होते, पण तिच्याइतका चांगला मला कधी जमला नव्हता.

"मग काय सांगू बाबांना?" मी विचारलं.

"मी काय तुमच्या घरचा निरोप्या आहे? त्यांना पाय आहेत."

उतरताना तिने बाळाला दोन मजले खाली आणून दिलं. बाळ तिच्या चष्म्याचं इलास्टिक ओढत राहिलं आणि तिने ओढू दिलं.

घरी आले. बाबा एका कोटाला अस्तर लावत होते.

"बाबा, तुम्ही तिला विचारलंत का?"

"काय?"

"लग्नाचं."

बाबांनी सुई थांबवली. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. गिऱ्हाईकाच्या नव्याकोऱ्या कापडावर उलटी कात्री चालवल्यावर शिंप्याचं होत असेल तसं. "मला वाटलं..." ते म्हणाले. "बारा वर्षं... मला वाटलं, तिला कळलंच असेल."

"कळलं. बटणवाल्याकडून."

"अरे देवा."

"एकसष्ट वर्षांचे आहात तुम्ही. सगळ्या गावाला विचारत सुटलात, आणि जिला विचारायचं तीच राहिली! आणि मी? मी पाच आठवडे नाक वर करून बसले, जशी काही माझ्यावाचून सगळं अडलंय."

"तू नाही म्हणाली होतीस."

"तो माझा गाढवपणा होता. तुमचा तुम्ही निस्तरा. जा. चपला उलट्या घालताय."

ते गेले. मी गाठोड्याला घेऊन दुकानात बसून राहिले. दीड तास गेला. वाटलं, लिफ्टसाठी खाली थांबले असतील. वाटलं, आत्याला आधी विचारायला गेले असतील. त्यांचा नेम नव्हता.

परत आले तेव्हा घामाघूम होते.

"काय म्हणाली?"

"उद्या कामाला येते म्हणाली. शाळेचे शर्ट शनिवारी द्यायचेत ना."

"आणि?"

"आणि..." बाबा स्टुलावर बसले. "दुसऱ्या गोष्टीचा विचार करून सांगते म्हणाली. म्हणाली, लेकीला पाच आठवडे दिलेत, मला दहा द्या."

मला हसू आवरेना. बाळ दचकलं, माझ्या तोंडाकडे बघू लागलं. "दहा? मी असते तर वर्ष मागितलं असतं."

"नाही म्हणाली तर?" बाबांनी विचारलं. खरंच विचारत होते, माझ्याकडे बघून. मी डोकं वर केलं आणि तेव्हा मलाही दिसलं की गेल्या दीड वर्षात त्यांच्या शर्टाची कॉलर गळ्याला दोन बोटं सैल झाली आहे. हे बघायला मला कुणाच्या टेपची गरज नव्हती, आणि तरी आजवर दिसलं नव्हतं.

"नाही म्हणाली तर नाही," मी म्हटलं. "मग आपण दोघं मिळून रडू. इथे या, बसा जवळ. आणि याला धरा जरा, माझा खांदा गेलाय."